गार्ड सगळ्यांत मागे

चुनखडी ही वर चढून जाण्याची गोष्ट आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. माझी सगळी नोकरी भिलाईच्या प्लांटमध्ये, कच्च्या मालाच्या खात्यात गेली. आमच्या लेखी चुनखडी म्हणजे नंदिनीच्या खाणीतून मालगाडीच्या वाघिणी भरभरून येणारा दगड. त्यात सिलिका किती हे बघायचं, जास्त असली तर खाणीवर फोन करून भांडायचं आणि कमी असली तर आज भांडायला काही नाही म्हणून चहा मागवायचा. नंदिनीला हा दगड जमिनीच्या पोटात असतो, तिथे माणूस खाली उतरतो. तोच दगड गंडई गावाच्या पलीकडे डोंगर होऊन उभा आहे आणि लोक सुटीच्या दिवशी आपखुशीने त्याच्यावर चढतात, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी सिलिका विचारली असती.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सेक्टरमधले रस्ते चालायला उत्तम आहेत. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना झाडं. अडचण एकच, त्या रस्त्यांवर सकाळी सगळा प्लांट चालत असतो, म्हणजे निवृत्त झालेला. ज्या साहेबांना तोंड दाखवायला लागू नये म्हणून मी नोकरीत लांबच्या गेटने आत जायचो, ते आता हाफ पँटीत समोरून यायचे आणि माझी साखर विचारायचे. जे हाताखाली होते ते नमस्कार न करता निघून जायचे. दोन्हींचा कंटाळा आला. मग माझ्या साडभाऊंनी डोंगर काढला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी वर्ध्याकडच्या. धाकटी प्लांटच्या क्वार्टरात आली, थोरली दुर्गला रेल्वेच्या माणसाच्या घरात. साडभाऊ मालगाडीवर गार्ड होते. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे नाव आलं आणि थोड्याच दिवसांत ते रिटायर झाले. मॅनेजर म्हणून मिरवायला मिळालं नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. "मॅनेजर खुर्चीत बसते, गार्ड डब्यात उभा राह्यते," असं ते म्हणायचे, आणि 'खुर्चीत' म्हणताना माझ्याकडे बघायचे. मला ते साहेब म्हणत. त्यात मान किती आणि चिमटा किती हे मी कधी मोजलं नाही.

तर दर रविवारी आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघायचो. दुर्गहून धमध्याचा रस्ता, दोन्हीकडे टमाट्याची शेतं, धमध्याला आलूबोंडा आणि चहा, मग गंडई, आणि तिथून आत मैकल डोंगररांगेच्या पायथ्याची टेकाडं. त्या भागात एक गुहा आहे, ती वर्षातून एकदाच उघडते आणि त्या दिवशी तिथे माणसांचा पूर लोटतो. आम्ही त्या दिवशी घरी बसायचो. उरलेलं वर्ष डोंगर आमचाच असल्यासारखा असायचा. तिथल्या वाटांना आम्ही नावं देऊन टाकली होती. मी रूट एक, दोन, तीन म्हणायचो, ते अप, डाऊन आणि लूप म्हणायचे, आणि दोघी बहिणी नाल्याची वाट, गुहेची वाट आणि फरशीची वाट म्हणायच्या. अर्थातच तीच नावं टिकली.

नाल्याची वाट सोपी. एकच नाला, पण वाट त्याला इतक्यांदा ओलांडते की तिसऱ्या वेळेनंतर बूट काढायचा नाद सुटतो. मध्येच तो नाला गडप होतो. पाणी खळखळ येतं, एका दगडाखाली शिरतं आणि पुढे नुसती कोरडी वाळू. मग बऱ्याच खाली दुसऱ्याच झाडाखालून काही न घडल्यासारखं बाहेर येतं. चुनखडीचा हा स्वभावच आहे, पाणी पिते आणि कबूल करत नाही. गुहेची वाट चढाची, सागाच्या आणि तेंदूच्या झाडीतून. आणि फरशीची वाट म्हणजे सगळ्यांत वर, जिथे डोंगराचा माथा उघडा पडून सपाट दगड झाला आहे. लांबून वाटतं, कोणीतरी अंगण केलंय. जवळ गेलं की कळतं, त्या अंगणाला जागोजाग फटी आहेत. काही बोटभर, काही पाय जाईल एवढ्या, काही ढोपरापर्यंत. तिथून मैदान दिसतं, लांबपर्यंत, म्हणून तिथे जायचं.

चालण्याचा क्रम ठरलेला होता. पुढे मी, कारण दगड माझ्या खात्याचा. माझ्या मागे माझी बायको, मग ताई, म्हणजे थोरली बहीण, आणि सगळ्यांत मागे साडभाऊ. पहिल्याच रविवारी मी त्यांना म्हणालो, भाऊ, तुम्ही थोरले, तुम्ही पुढे चला. त्यांनी कानाला हात लावला.

"गार्ड पुढं चालते का कदी, साहेब? गार्ड मांगं. शेवटचा डबा टेसनात आला म्हणजे गाडी आली. तोवर इंजिन किती बी नाचू द्या, गाडी आली म्हणता येत नाई."

इंजिन म्हणजे मी, हे सांगायला नकोच. मी निघण्याआधी प्लांटच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना उभं करून सुरक्षेचं दोन मिनिटं भाषण द्यायचो, सैल दगडावर पाय नको, पाणी पीत राहा वगैरे. भाषण संपलं की ते मागून शिट्टी वाजवायचे. त्यांची नोकरीतलीच शिट्टी होती ती. मग निघायचं. बायका म्हणायच्या, दोघांची नोकरी सुटली, पण दोघं नोकरीतून सुटले नाहीत.

पावसाळ्याच्या आधी एका सकाळी साडभाऊंनी मला दुर्गला बोलावलं. ताईंना सांगितलं, साहेबाच्या गाडीचं काम आहे, मी सोबत जातो. प्रत्यक्षात मला त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिथे त्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावून ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं. मी काचेतून बघत होतो. ते बराच वेळ बटण दाबत नव्हते. मला वाटलं, ठिपके यायला वेळ लागतोय.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना आम्ही भिलाईतल्या सुपेल्याच्या गर्दीत चहाला थांबलो. ते गाडीतून उतरताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, त्यांनी पाय टेकवण्याआधी हवेत थोडा हलवून पाहिला.

"बोगदा हाय जी," ते म्हणाले. "समोरचं साफ दिसते, लांबचं बी दिसते. बाजूचं न् पायाखालचं गायब. मालगाडीवर होतो तं बोगदा संपे तरी."

मी म्हणालो, ताईंना सांगायला हवं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तिले सांगतलं का डोंगर बंद. सासऱ्याचं आठवते ना? मोतीबिंदू झाला तं हिनं सायकल कुलपात टाकली. सायकल गेली न् बुढा ओसरीवर बसला तो बसलाच, साहेब. मले नाई बसायचं. जवर दिसते तवर चढू द्या."

सासऱ्यांचं मलाही आठवत होतं. सायकलवर सगळा गाव पालथा घालणारा माणूस पुढच्या होळीला हात धरून न्हाणीत न्यावा लागायचा. मी शब्द दिला. पुढे जे झालं त्यात माझा वाटा म्हणजे हा शब्द. पण देताना तो फार साधा वाटला होता.

आता प्रश्न होता डोंगराचा. समोरचं दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही अशा माणसाने दगडातून चालायचं कसं? काठी घेतली तर ताई विचारतील. यावर साडभाऊंनी जो तोडगा काढला तो रेल्वेच्या माणसालाच सुचावा. पुढच्या गाडीचा शेवटचा दिवा दिसत राहिला की मागची गाडी बरोबर चालते. त्यांनी भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारातून ताईंसाठी पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट आणले. ताई पुढे चालतील, त्यांच्या टाचा वर गेल्या की चढ, खाली गेल्या की उतार, आडव्या झाल्या की वळण. अंतर जरा जास्त ठेवलं की त्या टाचा बरोबर त्यांच्या बोगद्यात बसायच्या. बस. आणि गार्ड तर मागे चालतोच, त्यात कोणाला काय खटकणार?

ताईंनी बूट बघून कपाळावर हात मारला. "हे पोरायचे बूट! साडीवर घालू का?" पण घातले. चालायला सोपे होते. आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. ताई खूश झाल्या.

त्यांची खुशी समजायची तर दुर्गच्या बाजारात त्या दोघांना पूर्वी बघायला हवं होतं. साडभाऊ पुढे ताडताड, ताई मागून पिशव्या सावरत. रस्ता ओलांडला तर ते पलीकडे आणि ताई अलीकडे. आमच्याकडच्या सगळ्याच जोडप्यांची तऱ्हा ही, त्यात वेगळं काही नव्हतं. नवरा पुढे, बायको मागे, आणि मधल्या अंतरावरून लग्न किती जुनं ते ओळखावं. ताईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. पण आता एका चढावर, माझ्यामागे चालता चालता, त्या धाकटीला सांगत होत्या आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"पाह्य ना वो, आंधी गार्ड म्हणून मांगं राह्यत, आता यायनं जिंदगीत पयल्यांदा सोता मले म्हटलं, तू पुढं चाल. मी थांबली तं थांबतात. मी वळली तं वळतात. एका शब्दानं म्हणत नाई का लवकर चाल."

"भाऊजी बदलले गं," माझी बायको म्हणाली आणि माझ्या पाठीकडे बघून पुढचं म्हणाली, "काही माणसं बदलतात."

मी इंजिन होतो. मी तसाच पुढे गेलो.

हे तेवढ्यावर थांबलं असतं तर मी सहन केलं असतं. पण पांढरे बूट पांढरे राहायला हवे होते, नाही तर ते दिसणार कसे? म्हणून दर शनिवारी संध्याकाळी साडभाऊ अंगणात बसून ताईंचे बूट स्वतः धुवायचे आणि शाळेच्या पोरांच्या बुटांना लावतात ते पांढरं पॉलिश लावून सुकायला ठेवायचे. दुर्गच्या त्या गल्लीत नवऱ्याने बायकोचे बूट धुतल्याची खबर संध्याकाळच्या आरतीआधी सगळीकडे पोचली. शेजारणी कुंपणाशी येऊन बघून गेल्या. ताई मला फोनवर म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या डोंगरानं माणूस सुधरला," आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी गुळाच्या खुरमीचा डबा पाठवला. तो डबा मी खाल्ला. खायला नको होता, तरी खाल्ला, कारण खुरमी चांगली होती.

माझ्या घरात वेगळंच सुरू झालं. बायको म्हणाली, "भाऊजी ताईले पुढं चालवून राहिले. तुमाले कावून सुचत नाई?" मी म्हणालो, मी पुढे चालतो कारण वाट मला माहीत आहे. ती म्हणाली, वाट भाऊजींना माहीत नाही का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नंतर एक-दोन रविवार तिला पुढे घातलं, तर ती प्रत्येक फाट्यावर थांबून "आता?" म्हणून विचारायची, आणि मागे ताईंच्या टाचा थांबायच्या, आणि साडभाऊंची सगळी गाडी लाल सिग्नलला उभी राहायची. ते मागून ओरडायचे, "इंजिन बदला राजेहो!" सगळे हसायचे. मीही हसायचो. चौघांत कोण कशाला हसतंय हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातलं मला जरा जास्तच ठाऊक होतं, कारण मला ताईंचा चेहराही दिसायचा. आयुष्यात कधी नव्हे ते त्या माणसाने आपल्याला पुढे ठेवलं, या एका गोष्टीवर त्या दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या होत्या. साडभाऊंचा डोंगर वाचवायचा म्हणजे ताईंची ती समजूतही वाचवायची होती. एक फुटलं की दोन्ही फुटणार होती.

पळस फुलायला लागला होता तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी आम्ही फरशीच्या वाटेने वर गेलो. माथ्याच्या जरा खाली, झाडी संपते तिथे, ताई थांबल्या. पदराने तोंड पुसलं आणि मागे वळून म्हणाल्या, "आज तुमी पुढं चाला."

साडभाऊ म्हणाले, "गार्ड मांगं."

"नोकरी संपली आता तुमची. रोज मी पुढं जाते, सारं पयले मीच पाह्यते, न् तुमी माया टाचा पाहून राह्यता. आज वरून खालचं सारं पयले तुमी पाहा. मले तेवढं तं करू द्या तुमच्यासाठी."

मी मध्ये पडलो. म्हणालो, ताई, फरशीवर मी पुढे असतो, तो सुरक्षेचा नियम आहे. त्या म्हणाल्या, "तुमी तिकडं व्हा, जवाईबापू. हे आमचं दोघायचं हाय." साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नक्की माझ्याकडे की माझ्या मागच्या झाडाकडे, सांगता येत नाही. त्यांना एक शब्द बोलता आला असता. किंवा गुडघा दुखतो म्हणता आलं असतं. पण बायकोने इतक्या वर्षांनी काहीतरी दिलं होतं आणि ते परत करायचा त्यांना धीर झाला नसावा. ते पुढे गेले.

पहिली काही पावलं बरी पडली. मान ताठ, नजर समोर, हात अंगापासून जरा लांब धरलेले. बघणाऱ्याला वाटावं, मोठ्या रुबाबात चाललेत. मी त्यांच्या बाजूला सरकायला लागलो, पण ताईंनी मला हाताने मागे सारलं. मग त्यांचा पाय फटीत गेला.

ते गुडघ्यावर पडले. फार लागलं नाही, नडगी सोलवटली. पण चष्मा उडाला आणि त्यांच्या उजव्या हाताशीच पडला, काच वर करून, उन्हात चमकत. ते ओणवे होऊन तो शोधायला लागले. समोर बघत होते आणि हातांनी समोरचा दगड चाचपत होते. चष्मा मनगटापाशी होता. हात त्याच्या शेजारून गेला, परत आला, पुन्हा गेला.

खालच्या गावातली एक बाई लाकडाची मोळी घेऊन त्या वाटेने येत होती. ती थांबली आणि विचारू लागली, "का गंवा गे बबा?" काय हरवलं बाबा, म्हणून. ते दगड चाचपतच राहिले. तिने चष्म्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि मोळी सावरून निघून गेली.

ताई जागच्या हलल्या नव्हत्या. साडभाऊंच्या चाचपणाऱ्या हाताकडे बघत होत्या. मग पुढे गेल्या, चष्मा उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या नाकावर बसवला. त्यानंतर माझ्याकडे वळल्या.

"तुमाले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"कवापासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

त्यांनी पायातल्या बुटांकडे पाहिलं. "म्हणजे बुटायच्या पयलेपासून."

त्या तिथेच दगडावर बसल्या, साडभाऊंच्या शेजारी, पण त्यांच्याकडे पाठ करून. माझी बायको पाण्याची बाटली घेऊन पुढे आली तर तिला हातानेच थांबवलं.

"मले वाटलं, म्हातारपणी का होईना, मान देऊन राहिले," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "मी साऱ्या दुर्गात सांगत फिरली. बहिणीले सांगतलं. शेजारणीले सांगतलं. बूट धुतात म्हणून सांगतलं. न् हे माया टाचा पाहून चालून राहिले."

प्लांटमध्ये मी वाईट बातम्या दिल्या आहेत, ऐकल्याही आहेत. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. साडभाऊ नडगीवर रुमाल दाबून समोर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तू डोंगर बंद केला असता. बाबाची सायकल बंद केली तशी."

ताई एकदम वळल्या. "बाबा दोनदा नालीत पडले होते. माहेरी गेली होती तवा रक्तानं भिजलेलं धोतर मी धुतलं. तुमी तवा ड्यूटीवर होते, कुठं तरी डोंगरगडच्या पलीकडं. सायकल सायकल करता! पडले ते ठाऊक हाय का तुमाले?"

त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं, तिला ठाऊक होतं. आम्ही दोन जावई इतकी वर्षं त्या सायकलीबद्दल हळहळत होतो आणि त्या म्हाताऱ्याला कोणी काय म्हणून घरात बसवलं हे विचारायची गरज आम्हाला वाटली नव्हती. घरातल्या बायका कडक असतात, एवढं कारण आम्हाला पुरलं होतं.

मैदान त्या दिवशी कोणीच पाहिलं नाही. उन्हं तापायला लागल्यावर ताई उठल्या आणि साडभाऊंच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ठेवा हात."

"कुठं?"

"खांद्यावर. अजून कुठं ठेवता?"

साडभाऊंनी आधी आजूबाजूला मान फिरवून पाहिलं. बाजूचं त्यांना दिसत नव्हतं आणि डोंगरावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी फिरवली. बायकोच्या अंगाला चारचौघांत हात लावायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीने सिग्नल तोडून जाण्यासारखंच होतं. मग ठेवला. उतरताना ताई एकसारख्या बोलत होत्या, "दगड. खड्डा. आता फांदी, वाका. वाका म्हटलं ना!" सगळं भांडणाच्या सुरात. आणि साडभाऊ माझ्या माहितीत पहिल्यांदा बायकोचं सांगितल्याबरोबर ऐकत होते.

मला वाटलं होतं, डोंगर संपला. तसं झालं नाही. ताई त्यांना नागपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथेही तेच सांगितलं. थेंब घालायचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं आणि पुढच्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. "फरशी बंद," त्या म्हणाल्या. "नाल्याची वाट चालू. तुमचं भाषण बी बंद, त्यानं कोणाचं भलं झालं नाई." एवढं बोलून फोन ठेवला. खुरमीचे डबेही बंद झाले, ते अजून सुरू झालेले नाहीत. माझ्या बायकोने मला बरेच दिवस फक्त कामापुरतं विचारलं. नंतर एकदा जेवताना म्हणाली, "तुमाले बी काही झालं तं तुमी भाऊजीलेच सांगान, मले नाई." मी म्हणालो, तसं काही होणार नाही. ती म्हणाली, तेच तर म्हणते, झालं तरी तुम्ही हेच सांगाल.

डोंगरावर खांद्यावर हात ठीक होता. पण नजर दुर्गमध्येही तेवढीच होती. बाजारात, बँकेत, देवळात, सगळीकडे ताई पुढे आणि साडभाऊंचा हात त्यांच्या खांद्यावर, असं दिसायला लागलं. गल्लीत त्याच्यावर बोललं जाऊ लागलं. आधी बूट धुतले, आता हा प्रकार. म्हातारपणी चळ लागला म्हणून पोरीबाळी तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या. मी ताईंना म्हणालो, खरं काय ते सांगून टाका ना एकदा. त्या म्हणाल्या, "सांगतलं का कीव करतीन. दारात येऊन च् च् करतीन. त्याच्यापेक्षा चावट म्हणू द्या. मले चालते." आणि मलाच बजावलं, "एक गोष्ट तुमी यायच्यासाठी झाकली. आता मायासाठी झाका."

मध्यंतरी नात्यात एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, दुर्गलाच. जेवणाच्या हॉलमध्ये दोघं शिरले तसे नेहमीप्रमाणेच. नागपूरहून आलेल्या एक मामी, ज्यांना गप्प बसलं की अपचन होतं, त्या भर पंगतीत म्हणाल्या, "कावो बाई, या वयात असे गळ्यात हात टाकून फिरता? साक्षगंध पोरीचं हाय का तुमचं?"

साडभाऊंचा हात खांद्यावरून निघायला लागला. ताईंनी तो वरच्यावर धरून परत जागेवर ठेवला.

"आता कुठं यायले मी दिसायले लागली, मामी. तं तुमच्या पोटात कावून दुखून राहिलं?"

सगळी पंगत हसली. मामीही हसल्या, काय करतील. साडभाऊ मान खाली घालून बसले आणि भराभर जेवले.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागे नळावर गेलो. ताई तिथेच होत्या. माझ्याकडे न बघता, हातावर पाणी घेत म्हणाल्या, "मले ठाऊक हाय, ते खरं नाई. पण सांगतानी बरं वाटलं."

माझ्या मागे साडभाऊ उभे होते. भिंत धरत धरत एकटेच आले असावेत. डोळे गेले तसे कान फार तीक्ष्ण झाले होते त्यांचे.

"खरं नाई कोण म्हणते?" ते म्हणाले.

ताईंनी नळ बंद केला. ओले हात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या. साडभाऊंनी हात पुढे केला. तो गेला तिथे खांदा नव्हता, जरा डावीकडे होता. ताई त्या हाताखाली सरकल्या.